जॉर्डनचं ते वर्ष, लेब्रॉनचं ते वर्ष: बास्केटबॉलपटूंची शिखरं मोजायची कशी?

२३ जून २०२५, सोमवार. आपल्याकडे पहाटेचे साडेपाच वाजले होते आणि अमेरिकेत एनबीएच्या अंतिम मालिकेतला सातवा, निकालाचा सामना सुरू होत होता. भाचा आदल्या रात्रीच मुक्कामाला आला होता. आठच्या सुमारास ओक्लाहोमा सिटी थंडरने इंडियाना पेसर्सला १०३-९१ असं हरवलं. (हेच पेसर्स २०१९ च्या ऑक्टोबरात वरळीच्या डोममध्ये खेळून गेले होते, त्यामुळे आमचा थोडा जीव त्यांच्यातही अडकला होता.) थंडरच्या शे गिल्जस-अलेक्झांडरने २९ गुण केले आणि १२ वेळा सहकाऱ्यांना बास्केट करून दिलं. चहा निवायच्या आत भाच्याने विचारलं, "मामा, आता हा जॉर्डनच्या पंगतीत बसला ना?"

प्रश्न उगाच नव्हता. त्या हंगामात सामन्यामागे सर्वाधिक गुण शेचे होते, ३२.७. हंगामातला सर्वोत्तम खेळाडू, म्हणजे एमव्हीपी, तोच ठरला. अंतिम मालिकेतला सर्वोत्तम खेळाडूही तोच. एकाच वर्षात या तिन्ही गोष्टी त्याच्याआधी फक्त तिघांना जमल्या होत्या: १९७१ मध्ये करीम अब्दुल-जब्बार, २००० मध्ये शकील ओनील आणि तब्बल चार वेळा मायकेल जॉर्डन.

तरीही मी लगेच 'हो' म्हटलं नाही. का म्हटलं नाही, हे भाच्याला समजावताना बराच वेळ गेला. तेच इथे सविस्तर मांडतो, कारण असे वाद सगळीकडे झडतात आणि बहुतेक वेळा दोन्ही बाजू वेगवेगळी गोष्ट मोजत असतात.

आधी थोडा नकाशा

एनबीएत ३० संघ आहेत. ऑक्टोबर ते एप्रिल प्रत्येक संघ ८२ सामने खेळतो. हा नियमित हंगाम. त्यातले १६ संघ प्लेऑफला जातात. तिथे दोन संघांची गाठ पडली की आधी चार सामने जिंकेल तो पुढे, म्हणजे एकेक मालिका चार ते सात सामन्यांची. अशा चार मालिका जिंकल्या की विजेतेपद.

आणखी दोन शब्द लागतील. ज्या पासवर सहकारी थेट बास्केट करतो तो असिस्ट. नेम चुकून परत आलेला चेंडू पकडला की तो रिबाउंड. बाकीचं ओघात येईल.

शिखर वेगळं, कारकीर्द वेगळी

कोकणातलं हापूसचं झाड आठवा. एखादं झाड चाळीस वर्षं नेमाने फळ देतं. दुसरं एखाद्या वर्षी असं लगडतं की गावभर त्याची चर्चा होते. "झाड चांगलं कोणतं?" या एकाच प्रश्नात दोन प्रश्न दडलेले असतात.

लेब्रॉन जेम्स हा चाळीस वर्षांच्या झाडाचा नमुना आहे. त्याच्या खात्यावर ४० हजारांहून जास्त गुण आहेत, एनबीएच्या इतिहासात सर्वाधिक. पण त्या आकड्यावरून तो सगळ्यात बहरात असताना किती मोठा होता, हे कळत नाही. शिखराचा प्रश्न एका बहराचा आहे: एकच वर्ष घ्या, त्यातला हंगाम आणि त्याच वर्षीचे प्लेऑफ दोन्ही धरा, आणि मग बोला. दोन्ही धरायचं हे महत्त्वाचं. हंगाम एका वर्षाचा, प्लेऑफ दुसऱ्या वर्षाचे आणि पुरस्कार तिसऱ्या वर्षाचा अशी मोट बांधली, तर कोणालाही कोणापेक्षा मोठं ठरवता येतं.

सामन्यामागे ५० गुण! मग वाद कसला?

१९६१-६२ च्या हंगामात विल्ट चेंबरलेनने सामन्यामागे सरासरी ५०.४ गुण केले. २ मार्च १९६२ ला पेनसिल्व्हेनियातल्या हर्शी गावात त्याने एकाच सामन्यात १०० गुण केले. जॉर्डनची सर्वात मोठी सरासरी ३७.१ आहे. मग विल्टच सर्वश्रेष्ठ, विषय संपला?

इथे एक कल्पना समजून घ्यावी लागते. चेंडू एका संघाच्या हाती येतो, मग तो बास्केटमध्ये जातो किंवा समोरच्याकडे जातो. एवढ्या डावाला तिकडे पझेशन म्हणतात. आपण कबड्डीतला शब्द घेऊ: चढाई. प्रत्येक चढाई म्हणजे गुण करण्याची एक संधी, आणि तिला २४ सेकंदांची मर्यादा असते.

विल्टच्या काळात खेळ धावपळीचा होता. एका सामन्यात एका संघाच्या वाट्याला अंदाजे सव्वाशे चढाया यायच्या. (अंदाजे अशासाठी की, चेंडू किती वेळा हातचा गेला याची नोंद तेव्हा ठेवत नसत.) २००३-०४ पर्यंत हाच आकडा नव्वदवर आला होता. १९६१-६२ मध्ये संघ सामन्यामागे सरासरी ११९ च्या घरात गुण करत; २००३-०४ मध्ये ९३. म्हणजे विल्टकडे शेतच जास्त होतं. ऊस किती टन निघाला हे विचारताना एकर किती होते हेही विचारायला नको का? तसाच इथे एकरी उतारा काढायचा: खेळाडू मैदानावर असताना दर शंभर चढायांमागे त्याने किती गुण केले.

तसं मोजलं की चित्र पालटतं. विल्टचे ते ५० गुण चाळिशीच्या आसपास येतात. जॉर्डनचा १९९०-९१ चा हंगाम, सरासरी ३१.५, शंभर चढायांमागे ४३ च्या जवळ जातो. स्टीफन करीचा २०१५-१६ चा हंगाम, सरासरी ३०.१, तोही ४२-४३ वर. शेचा २०२४-२५ चा हंगाम ४५ च्या आसपास.

यावरून विल्ट छोटा होत नाही. तो सामन्यामागे सरासरी ४८.५ मिनिटं खेळला, आणि सामना असतो ४८ मिनिटांचा! बरोबरी झाली की जादा वेळ खेळावा लागतो, म्हणून सरासरी सामन्याच्याही वर गेली. अख्ख्या हंगामात तो जेमतेम आठ मिनिटं बाहेर बसला. ती चिवटपणाची गोष्ट दर शंभराच्या हिशेबात दिसत नाही, आणि मला ती फार मोठी वाटते. पण '५० विरुद्ध ३०' हा सरळ सामना नव्हे, एवढं मात्र इथेच स्पष्ट होतं.

साखरेचा उतारा

एकरी टन कळले, आता कारखान्याचा प्रश्न: शंभर किलो उसातून साखर किती? कारखान्यात याला उतारा म्हणतात, आणि शेतकऱ्याचा दर त्यावर ठरतो. बास्केटबॉलमध्येही तसंच आहे. एकाने तीस प्रयत्नांत तीस गुण केले आणि दुसऱ्याने बावीस प्रयत्नांत. दुसऱ्याने संघाच्या आठ संधी वाचवल्या, त्या इतरांच्या कामी आल्या.

हिशेब असा: खेळाडूचे सगळे गुण घ्या, दोन गुणांचे, तीन गुणांचे आणि फ्री थ्रोचे. फ्री थ्रो म्हणजे समोरच्याने अडवताना चूक केल्यावर मोकळेपणी मिळणारा एका गुणाचा नेम. मग एकूण प्रयत्न मोजा. फ्री थ्रोची जोडी ढोबळमानाने एका प्रयत्नासारखी धरा. गुणांना प्रयत्नांनी भागा.

दर शंभर प्रयत्नांमागे विल्टने १९६१-६२ मध्ये साधारण १०७ गुण काढले. तेव्हा लीगची सरासरी ९६ होती. जॉर्डनने १९९०-९१ मध्ये १२१. लीगची सरासरी १०७. शेने १२७, लीग ११५. आणि करीने २०१५-१६ मध्ये १३४, जेव्हा लीग १०८ वर होती!

करीचा हा आकडा मी पहिल्यांदा पाहिला तेव्हा पुन्हा एकदा भागाकार करून पाहिला होता. काळाच्या सरासरीपेक्षा २६ गुण वर, आणि तेही सामन्यामागे वीस-वीस प्रयत्न करून. त्या वर्षी त्याने तीन गुणांचे ४०२ बास्केट केले. त्याआधीचा विक्रम, तोही त्याचाच, २८६ होता. एमव्हीपीसाठी १३१ पैकी १३१ मतं त्याला पडली. असं एकमत त्याआधी कधीच झालं नव्हतं. त्याचा संघ, गोल्डन स्टेट वॉरियर्स, ७३ सामने जिंकला आणि ९ हरला. फक्त नियमित हंगाम बघायचा म्हटलं, तर माझ्या मते आक्रमणात एवढं उंच कोणी गेलेलं नाही.

पण मग प्लेऑफ आले.

प्लेऑफमध्ये नेमकं बदलतं काय?

'तिथे दडपण असतं' हे उत्तर सगळे देतात. ते खरं आहे, पण अपुरं आहे. मला मुख्य फरक वाटतो तो कुस्तीच्या भाषेत नीट सांगता येतो.

गावोगावच्या जत्रांत फिरणारा पैलवान रोज नव्या मल्लाशी लढतो. त्याचा हुकमी डाव समोरच्याने पाहिलेला नसतो. समजेपर्यंत पाठ लागलेली असते. नियमित हंगाम असाच असतो: आज शिकागो, परवा डॅलस, मध्ये विमानप्रवास, तयारीला वेळ नाही. प्लेऑफमध्ये मात्र तोच मल्ल, तोच आखाडा, पंधरवड्यात सात वेळा. पहिल्या लढतीत तुमचा डाव बसला, की रात्रभर चित्रफीत बघून समोरचा वस्ताद त्यावर तोड काढतो. मग खरा प्रश्न उरतो: तुमच्याकडे त्या तोडीवर तोड आहे का?

जॉर्डनची गोष्ट यासाठीच मला पुन्हा पुन्हा सांगावीशी वाटते.

१९८७-८८ मध्ये जॉर्डन कागदावर भन्नाट होता. सामन्यामागे ३५ गुण, तीनहून जास्त वेळा चेंडू हिसकावून घेणं, एमव्हीपी आणि त्याच वर्षी सर्वोत्तम बचावपटूही. प्लेऑफमध्ये त्याची सरासरी ३६.३. हा एकच आकडा पाहिला तर वाटेल, काय फरक पडला, उलट वाढलीच की! पण तो दोन तुकड्यांत पाहा. पहिली मालिका क्लीव्हलंडशी: सरासरी ४५.२. दुसरी डेट्रॉइट पिस्टन्सशी: २७.४. शिकागो बुल्स ती मालिका १-४ अशी हरले.

पिस्टन्सचे प्रशिक्षक चक डेली यांनी जॉर्डनसाठी खास योजना आखली होती. तिला नावच पडलं 'जॉर्डन रूल्स'. त्याला हव्या त्या बाजूला जाऊ द्यायचं नाही, चेंडू हातात आला की दुसरा माणूस अंगावर धाडायचा, आणि हवेत झेपावलाच तर सुखाने खाली उतरू द्यायचं नाही. मर्म असं की, जॉर्डनला एकट्याने जिंकायला भाग पाडा. १९८९ मध्ये पुन्हा पिस्टन्स, पुन्हा हार, २-४. १९९० मध्ये पुन्हा तेच, ३-४. तीन वर्षं एकच तोड आणि ती दर वर्षी लागू पडत होती.

मग १९९०-९१ आलं. फिल जॅक्सन प्रशिक्षक होऊन वर्ष झालं होतं. त्यांचे सहायक टेक्स विंटर यांची त्रिकोणी आक्रमणाची पद्धत संघात मुरू लागली होती. तिचा गाभा साधा आहे: चेंडू एकाच्या हातात अडकून राहू नये, दोघे अंगावर आले तर तिसरा मोकळा आहेच, त्याला शोधा. जॉर्डनची सरासरी ३५ वरून ३१.५ वर उतरली. आकडा कमी झाला आणि खेळाडू मोठा झाला. त्या प्लेऑफमध्ये त्याचे गुण हंगामाइतकेच राहिले, ३१.१, पण असिस्ट साडेपाचवरून ८.४ झाले. पिस्टन्सला बुल्सने सरळ ४-० ने हरवलं. अंतिम मालिकेत लेकर्सविरुद्ध त्याने सामन्यामागे ३१.२ गुण आणि ११.४ असिस्ट केले. शेवटच्या सामन्यात अखेरच्या चार मिनिटांत मोकळा सापडलेला जॉन पॅक्सन एकामागून एक बास्केट करत होता, दहा गुण केले त्याने, आणि चेंडू त्याच्याकडे येत होता जॉर्डनकडून. प्लेऑफमध्ये सतरा सामने, पंधरा विजय. (तेव्हा पहिल्या मालिकेत तीनच विजय पुरत.)

म्हणून, कोणाचं शिखर सर्वात उंच असं मला विचारलं तर मी १९९०-९१ चा जॉर्डन म्हणतो. ३५ वाला नव्हे, ३१ वाला.

एमव्हीपी तर मतदानाने ठरतो, मग त्यात प्लेऑफ का नाही?

कारण मतदान नियमित हंगाम संपताच होतं. प्लेऑफचा एकही चेंडू उडालेला नसतो. त्यातून काही वेळा फार बोचरे प्रसंग घडतात.

१९९५ मध्ये एमव्हीपी होता सॅन अँटोनियो स्पर्सचा डेव्हिड रॉबिन्सन. संघ ६२ सामने जिंकलेला. उपांत्य मालिकेत समोर ह्यूस्टन रॉकेट्स, आपल्या विभागात सहाव्या क्रमांकाचा संघ. दुसऱ्या सामन्याआधी घरच्या प्रेक्षकांसमोर रॉबिन्सनच्या हाती एमव्हीपीचा करंडक दिला गेला. समोर उभा होता हकीम ओलाजुवान, आदल्या वर्षीचा एमव्हीपी. त्या रात्री हकीमने ४१ गुण केले. पूर्ण मालिकेत त्याची सरासरी ३५.३, रॉबिन्सनची २३.८. रॉकेट्स पुढे विजेते झाले. इतक्या खालच्या क्रमांकावरून विजेतेपद त्याआधी कोणी मिळवलं नव्हतं, त्यानंतरही नाही. हकीमचा डाव म्हणजे खांद्याने एका बाजूला हूल देऊन दुसरीकडे वळणं, आणि समोरचा त्या बाजूने आला की पुन्हा वळणं. त्याची तोड काढायची कशी? तोड काढेपर्यंत त्याने तिसरी दिशा धरलेली असे.

२०२३ मध्ये एमव्हीपी फिलाडेल्फियाचा जोएल एम्बिड होता, हंगामात ३३.१ गुण. प्लेऑफमध्ये तो २३.७ वर आला आणि दुसऱ्या फेरीत संघ बाद झाला. डेन्व्हरचा निकोला योकिच उलट वर गेला: २४.५ वरून ३०. प्लेऑफमध्ये एकूण गुण, एकूण रिबाउंड आणि एकूण असिस्ट, तिन्हींत पहिला येणारा तो इतिहासातला पहिला खेळाडू ठरला. योकिचची तोड काढणं अवघड का, तर दोघे अंगावर आले की तो पास देतो आणि एकटा आला की स्वतः गुण करतो. समोरच्याला दोन्हीपैकी एक नुकसान निवडावंच लागतं. १९९१ च्या जॉर्डनशी त्याचं खरं साम्य इथे आहे, अंगकाठीत नाही.

पण प्लेऑफचे सामने किती थोडे!

हा आक्षेप दमदार आहे आणि तो टाळून पुढे जाता येत नाही. आपण म्हणतो, शितावरून भाताची परीक्षा. भाताला ते चालतं, कारण एका पातेल्यातलं प्रत्येक शीत सारखंच शिजलेलं असतं. बास्केटबॉलचे सामने तसे नसतात.

२०१८ ची पश्चिम विभागाची अंतिम मालिका, सातवा सामना. ह्यूस्टन रॉकेट्सने तीन गुणांचे सलग २७ प्रयत्न चुकवले. सलग सत्तावीस! हाच संघ हंगामभर तीनात एकाहून जास्त नेम लावत आला होता. ते एका रात्रीत नेम धरायला विसरले असं कोण म्हणेल? त्यात थकवा आहे, दडपण आहे, आणि बराचसा निव्वळ योगायोग आहे. सहा-सात सामन्यांच्या आकड्यात योगायोगाचा वाटा मोठा असतो, ८२ सामन्यांत तो पुष्कळसा धुऊन निघतो.

दुखापतीचंही तेच. २०१६ मध्ये पहिल्याच मालिकेत, ह्यूस्टनमध्ये करीचा पाय ओल्या जागेवरून घसरला आणि गुडघ्याला इजा झाली. दोन आठवड्यांनी तो परतला तो पोर्टलंडविरुद्ध ४० गुण करून, त्यातले १७ जादा वेळात. पण अंतिम मालिकेत तो २२.६ वर राहिला, आणि वॉरियर्स ३-१ अशी आघाडी घेऊनही हरले. हे त्याच्या शिखराच्या खात्यात कसं लिहायचं? माझं मत असं: हंगामाची उंची कोणी कमी करू नये, पण 'हंगाम आणि प्लेऑफ एकत्र' या कसोटीला तो उत्तर देऊ शकला नाही, हेही मान्य करावं. त्याचा दोष नसेल, तरी उत्तर मिळालं नाही ते नाहीच. त्याच वर्षी आपल्याकडे विराट कोहलीने आयपीएलच्या एका हंगामात ९७३ धावा केल्या, अंतिम सामन्यात अर्धशतकही केलं आणि संघ आठ धावांनी हरला. त्या ९७३ धावांना आपण उणं म्हणत नाही.

थोड्या सामन्यांच्या या अडचणीवर एक उपाय आहे. प्लेऑफची सरासरी घेऊन तेवढ्यावर निवाडा देऊ नका. त्याऐवजी पाहा की खाली-वर जाण्यामागे खेळातलं कारण दिसतं का. रॉकेट्सचे मोकळे मिळालेले नेमही चुकत होते, तो बव्हंशी योगायोग. १९८८ मध्ये जॉर्डन ४५ वरून २७ वर आला त्यामागे एक आखलेली योजना होती, आणि पुढची दोन वर्षंही तिने बुल्सला रोखलं. पहिलं विसरून जावं, दुसरं लक्षात ठेवावं.

"अंगठ्या मोजा, विषय संपवा"

विजेत्या संघातल्या प्रत्येकाला अंगठी मिळते, म्हणून हा युक्तिवाद. तो मला मुळीच पटत नाही. रॉबर्ट होरीकडे सात अंगठ्या आहेत, जॉर्डनकडे सहा. होरी गुणी, मोक्याच्या क्षणी हात न थरथरणारा खेळाडू होता, पण त्याला जॉर्डनच्या वर बसवा असं खुद्द होरीचे चाहतेही म्हणत नाहीत. बिल रसेलच्या तेरा हंगामांत अकरा विजेतेपदं आहेत. ती त्याची अफाट कमाई आहे, पण त्यात त्याच्या बोस्टन संघाचाही वाटा आहे. ५०.४ च्या त्याच वर्षी विल्ट प्लेऑफमध्ये ३५ वर आला आणि रसेलच्या बोस्टनकडून सातव्या सामन्यात फक्त दोन गुणांनी हरला. १०९-१०७. बोस्टनचा तो शेवटचा नेम चुकला असता तर विल्ट वेगळा खेळाडू झाला असता का?

या ठिकाणी मला २००९ च्या लेब्रॉनसाठी भांडावंसं वाटतं. क्लीव्हलंड कॅव्हलियर्स हंगामात ६६ सामने जिंकले, लेब्रॉन एमव्हीपी, सरासरी २८.४. प्लेऑफच्या पहिल्या दोन मालिका ४-०, ४-०. मग ऑर्लँडो मॅजिकशी गाठ पडली आणि कॅव्हलियर्स २-४ ने हरले. पुष्कळ लोक हे वर्ष शिखरांच्या यादीतून तिथेच खोडून टाकतात.

त्या मालिकेत लेब्रॉनने केलं काय? सामन्यामागे ३८.५ गुण, आठहून जास्त रिबाउंड, आठ असिस्ट. पहिल्या सामन्यात ४९ गुण करूनही संघ एका गुणाने हरला. दुसऱ्यात एक सेकंद उरला असताना चेंडू घेऊन तीन गुणांचा नेम लावून त्याने सामना जिंकून दिला. संपूर्ण प्लेऑफमध्ये ३५.३ गुण, ९.१ रिबाउंड, ७.३ असिस्ट, गुण हंगामापेक्षा सातने वर, आणि नेमही अधिक अचूक. ऑर्लँडोला त्याची तोड सापडलीच नाही. त्यांनी तोड काढली ती कॅव्हलियर्सच्या बचावावर: मध्यभागी ड्वाइट हॉवर्ड, भोवती तीन गुणांचे नेमबाज, हॉवर्डला अडवायला दोघे गेले की बाहेरचे मोकळे. ते कोडं एकट्या लेब्रॉनला सुटण्यासारखं नव्हतं.

याच्या उलट लेब्रॉनचं २०११. अंतिम मालिकेत तो होता, म्हणजे २००९ पेक्षा एक पायरी वर. पण डॅलसविरुद्ध तो १७.८ गुणांवर थबकला. त्यांच्या बचावापुढे त्याचा डावच सुचेनासा झाला होता. केवळ निकाल मोजणाऱ्याला २०११ हे २००९ पेक्षा चांगलं वर्ष वाटेल. खेळ बघणाऱ्याला तसं वाटणं शक्य नाही.

"आताचा खेळ सोपा झालाय"

नियम बदलले हे खरं. तीन गुणांची रेषा १९७९-८० मध्ये आली. चेंडू असलेल्या खेळाडूला हाताने अडवत राहण्यावर २००४-०५ पासून कडक बंधनं आली, त्याने आक्रमण सुकर झालं. पण २००१-०२ पासून बचावपटूंना माणूस सोडून जागा राखायची मुभाही मिळाली. जॉर्डनच्या ऐन भरात ती नव्हती. एक बाजू सांगायची आणि दुसरी गाळायची, असं दोन्हीकडचे लोक करतात. म्हणूनच मी वर उताऱ्याच्या प्रत्येक आकड्याशेजारी त्या काळाची सरासरी ठेवली. नियम सगळ्यांना सारखे लागू होते. तेच नियम असताना तुम्ही इतरांच्या किती वर होता, एवढं विचारलं तरी निम्मा वाद मिटतो. बचावाचं मोजमाप मात्र आजही अवघड आहे. चेंडू हिसकावणं आणि नेम रोखणं यांची अधिकृत नोंदच १९७३-७४ पासून सुरू झाली, म्हणून रसेलच्या सर्वात मोठ्या गुणाला आकडाच नाही.

मग शे कुठे बसतो?

भाच्याला मी सांगितलं ते असं. हंगाम म्हणून शेचं २०२४-२५ जॉर्डनच्या पंगतीत बसतं. शंभर चढायांमागचे गुण बघ, लीगच्या सरासरीवरचा उतारा बघ, संघाचे ६८ विजय बघ. प्लेऑफमध्ये मात्र त्याचे गुण ३२.७ वरून २९.९ वर आले, आणि एकूण नेम साधारण ५२ टक्क्यांवरून ४६ वर. डेन्व्हरने त्यांना सात सामने झुंजवलं, इंडियानानेही. समोरच्यांना त्याच्या खेळावर थोडीफार तोड सापडली होती. ती पुरी पडली नाही, कारण थंडरचा बचाव जबरदस्त होता आणि सातव्या सामन्यात शेने बारा असिस्ट देऊन वेगळी वाट काढली. शेवटच्या सामन्यातली ती वाट मला १९९१ ची आठवण करून देते. पण ती एका सामन्यातली आहे. जॉर्डनने ती सतरा सामने चालून दाखवली.

भाचा थोडा हिरमुसला. मग म्हणाला, "पण मामा, जॉर्डनलाही पिस्टन्सची तोड काढायला तीन वर्षं लागलीच ना?"

लागली. आणि तिसऱ्यांदा हरला तेव्हा तो २७ वर्षांचा होता. शेही २०२५ चं विजेतेपद मिळालं तेव्हा २६ चाच होता.